शिरीषची एफडी, अण्णांचा रोखीचा हट्ट आणि वहिनींचं सातशेचं बिल

परवा संध्याकाळी गावभागातल्या आमच्या कट्ट्यावर जे बोलणं झालं ते लिहून काढतोय, कारण त्या रात्री मला नीट झोप लागली नाही आणि दुसऱ्या दिवशी अडतीत हळदीच्या हिशेबपट्ट्या लिहिताना पण डोक्यात तेच फिरत होतं. आमचा कट्टा म्हणजे रेखावहिनींच्या चहाच्या गाड्याशेजारची दगडी पायरी, वीस वर्षं तिथं बसतोय, सहा ते साडेसात, सांगलीत असलो तर चुकवत नाही. सगळे मला दिवाणजी म्हणतात कारण अडत दुकानात हिशेब लिहितो, आणि पैशाचं काही निघालं की कागद माझ्याच हातात येतो.

तर शिरीष आला तोच मोबाईल पुढं करत. शाळेत शिक्षक आहे, घर स्वतःचं, वर आरसीसी स्लॅब. म्हणाला, दिवाणजी बघ रे हे छतावरच्या सोलरचं कोटेशन, 3 किलोवॅट, 1 लाख 95 हजार, आणि खाली मोठ्या अक्षरात 'सबसिडी 78,000 वजा जाता फक्त 1,17,000'. सोमवारी एफडी मोडतो म्हणाला, पोरीच्या शिक्षणाची 2 लाखाची आहे, तेवढ्यात होतंय.

अण्णा लगेच म्हणाले, "मोड. कर्ज काढण्यापरीस कधीबी बरं. मी एसटीत होतो तवा मोटरसायकलसुद्धा रोखीनं घेतली, बँकेच्या दारात पाय ठेवला न्हाई."

प्रमोद म्हणाला, "अण्णा, तुमचा काळ वेगळा. केंद्राच्या या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटपर्यंत 2 लाखापर्यंतचं कर्ज बिनतारण मिळतंय, रिझर्व्ह बँकेच्या रेपो रेटच्या वर अर्धा टक्का व्याज, म्हणजे सहाच्या आसपास, एवढं स्वस्त तर गाडीला पण मिळत नाही. एफडीला हात कशाला लावायचा?"

झालं, तिथून जे पेटलं ते सव्वाआठपर्यंत. दोघंही एकाच गोष्टीवर भांडत होते, पैसे आणायचे कुठून, आणि किती आणायचे हे कुणी विचारतच नव्हतं. मी म्हटलं शिरीष, कोटेशन ठेव बाजूला, लाईटबिल काढ. बिलावर मागच्या बारा महिन्यांच्या वापराच्या दांड्या छापलेल्या असतात ना, ते बघायला मिळालं पाहिजे. त्यानं अ‍ॅपवर काढलं. मे महिना 380, एप्रिल 340, जून आणि मार्च 290, बाकी सगळे दोनशेच्या आगंमागं, दिवाळी झाल्यावर तर 180. वहिनींच्या बिस्किटाच्या पुड्याच्या कागदावर बेरीज मारली, वर्षाची 2,880, म्हणजे महिन्याला सरासरी 240.

आता आपल्याकडं 1 किलोवॅटला दिवसाला चारेक युनिट धरतात, मी स्वतः घरावर बघतोय, माझं 3 किलोवॅट फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसाला तेरा-चौदा युनिट देतं आणि जुलैत कृष्णा भरलेली असते तेव्हा एखाद्या दिवशी चार-पाचवर येतं, तरी वर्षाचं गणित बसतं. म्हणजे 2 किलोवॅट वर्षाला 2,700-2,800 युनिट देणार. शिरीषचा वापर 2,880. मग तिसरा किलोवॅट कुणासाठी?

"सबसिडी 78 हजार मिळतीय की तिसऱ्यामुळं," शिरीष म्हणाला.

इथंच सगळे फसतात आणि मला हे तळमळून सांगावंसं वाटतं. सबसिडी पहिल्या दोन किलोवॅटला 30-30 हजार आहे, तिसऱ्याला फक्त 18 हजार, म्हणून 60 आणि 18 मिळून 78, आणि त्यावर कितीही लावा, तेवढ्यावरच थांबते. 2 किलोवॅटचा दर त्यानंच विचारला होता, 1 लाख 35, त्यातून 60 गेले, खिशातून 75 हजार. 3 चे खिशातून 1 लाख 17. म्हणजे त्या तिसऱ्या किलोवॅटला 42 हजार जास्त घालायचे आणि त्याची युनिटं वापरायला घरात काहीच नाही. अण्णा म्हणाले उरलेली वीज सरकारला विकायची की, पैसं येत्यात. येतात अण्णा, पण कसे ते बघा. नेट मीटरमध्ये तुम्ही दिवसा दिलेली युनिटं रात्री घेतलेल्यातून वजा होतात, महिन्याची शिल्लक पुढच्या महिन्यात जाते, हे सगळं झकास. पण 31 मार्चला वर्ष संपलं की जी शिल्लक राहील तिचा दर असा किरकोळ मिळतो की त्यासाठी कुणी 42 हजार घालू नयेत. सोलरमधली कमाई वीज विकण्यात नाही, वीजदराच्या वरच्या टप्प्यातली युनिटं कापण्यात आहे. शंभर युनिटपर्यंत आपल्याला पाच-सहा रुपये पडतात, शंभरच्या वर गेलं की अकरा-साडेअकरा, तीनशेच्या वर त्याहून जास्त. तुमचं पॅनल आधी ही महागातली युनिटं खातं, म्हणून पहिला किलोवॅट सगळ्यात जास्त कमावतो आणि शेवटचा सगळ्यात कमी.

प्रमोद म्हणाला पुढं ई-स्कूटर घेतली तर? बरोबर मुद्दा आहे, तो मी मान्य केला. स्कूटर एका चार्जला तीनेक युनिट खाते, रोज पूर्ण चार्ज केली तर महिन्याला नव्वद, म्हणजे जवळजवळ तो तिसरा किलोवॅट भरला. मी शिरीषला सरळ विचारलं, घेणार आहेस का येत्या वर्ष-दोन वर्षात? तो म्हणाला नाही, गाडी दोन वर्षांपूर्वीच घेतलीय. मग विषय संपला. इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात चालेल अशी करणारी पेटी, जरा मोठा घे, पुढं दोन पॅनल वाढवता येतील, आणि नंतर वाढवायचं असेल तर परवानगी-बिरवानगीचं काय ते आधीच विचारून ठेव.

मग एफडी का कर्ज ते आलं.

75 हजारच लागतात म्हटल्यावर अण्णांचा आवाज वाढला, एवढ्यासाठी कर्ज? पण अण्णा, सबसिडी आधी मिळत नाही. आधी सगळे 1 लाख 35 हजार द्यायचे, पॅनल बसायचं, नेट मीटर लागायचं, योजनेच्या पोर्टलवर सगळं चढायचं आणि मग पैसे खात्यात येतात. बऱ्याच लोकांना वाटतं वजा जाता जो आकडा लिहिलाय तेवढेच द्यायचे आहेत. आणि 2024 च्या फेब्रुवारीत योजना आली तेव्हापासून '300 युनिट मोफत' हे शब्द लोकांच्या डोक्यात बसलेत, पण कुणी तारेतून फुकट 300 युनिट सोडत नाही, तुमच्या पैशानं घेतलेलं पॅनल ती तयार करतं, सरकार त्यातला वाटा उचलतं. हे समजून पैसे घातले तर नंतर तोंड कडू होत नाही.

कर्जाचा हिशेब मी असा मांडला. दहा टक्के स्वतःचे, साडेतेरा हजार. कर्ज 1 लाख 21 हजार 500, दहा वर्षांचा हप्ता साडेतेराशेच्या आसपास. वाचणारं बिल महिन्याला सरासरी अडीच हजार, कारण आत्ता शिरीषचं सत्तावीसशेच्या आसपास पडतंय आणि सोलर लागल्यावर स्थिर आकार वगैरे धरून दीडशेच्या आसपास राहील, शून्य होत नाही, ते पण सांगून ठेवतो. सबसिडीचे 60 हजार आले की कर्जात टाकायचे, हप्ता तोच ठेवायचा, चार-सव्वाचार वर्षात मोकळा.

अण्णा गप्प बसले नाहीत आणि त्यांनी जे सांगितलं त्यात दम होता. म्हणाले, "तू म्हणतोस साठ हजार कर्जात टाकायचं. खात्यात साठ हजार आल्यावर किती जण टाकत्यात? आमच्या मेव्हण्याच्या पोरानं टीव्ही घेतला त्यात. आन हप्ता दहा वर्षं फेडतोय." हे खरं आहे. कर्ज घेणाऱ्यानं बँकेत पहिल्याच दिवशी लिहून घ्यावं की सबसिडी थेट कर्जखात्यात जमा होईल, मधे आपला हातच नको.

पण तरी मी शिरीषला कर्जच सांगितलं, आणि त्याचं कारण व्याजाचं नाही. व्याजाचं म्हणाल तर एफडीवर मिळतं तेवढंच जवळपास कर्जावर जातं, टॅक्स धरला तर थोडं आपल्याच अंगावर येतं. कारण 2019 आहे. ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं, गावभागातल्या घराघरात शिरलं. उतरल्यावर मोटर, फ्रिज, गाद्या, पोरांची पुस्तकं, सगळं एकदम घ्यायला लागलं, आणि तेव्हा ज्याच्याकडं मोडायला एफडी होती तो पंधरा दिवसात उभा राहिला आणि ज्याच्याकडं नव्हती त्यानं कुणाकुणापुढं हात पसरला ते मी पाहिलंय. छपरावर घातलेले पैसे पुरात मोडता येत नाहीत. नदीकाठच्या माणसानं हाताशी रोख ठेवावी, हे माझं ठाम मत आहे, अण्णांना पटलं नाही तरी.

एवढ्यात बंड्या बोलला. बंड्या वायरमन, दिवसभर शिडीवर असतो, कमी बोलतो. त्यानं शिरीषचा मोबाईल घेतला, कोटेशनचं दुसरं पान मोठं करून बघितलं आणि विचारलं, "इन्व्हर्टर कुठं लावणार लिहिलंय?" शिरीष म्हणाला जिन्याखाली, मीटरशेजारी, तिथं सावली आहे.

कुणीच काही बोललं नाही. वहिनींच्या गाड्यामागच्या भिंतीवर 2019 च्या पाण्याची रेषा अजून दिसते, रंग दोनदा दिला तरी खालचा भाग फुगतोच, माझ्या डोक्याच्या वर हातभर आहे ती. शिरीषचा जिना तिथून शंभर पावलांवर. बंड्या म्हणाला, "वरच्या मजल्यावर लाव. केबल वाढंल, चार पैसं जास्त जातील, देऊन टाक. आन अर्थिंगचं तीन खड्डं वेगळं पायजेत, एसीचा, डीसीचा आन विजेच्या दांड्याचा, एकातच गुंडाळून दिलं तर सही करू नको. स्लॅबला भोकं पाडणार असतील तर पाणी मुरणार न्हाई याची लिखापढी घे." हे तीन मुद्दे कोटेशनमध्ये कुठंच नव्हते आणि मी जन्मात विचारले नसते. ज्याचं काम त्याला विचारावं.

पॅनलचं पण त्यानंच सांगितलं, सबसिडी पाहिजे तर भारतात बनलेल्या सेलचंच पॅनल लागतं, डीसीआर म्हणतात त्याला, बाहेरचं स्वस्त पडतं पण त्यावर सबसिडी नाही. कुणी कमी दर सांगितला की आधी हे विचारायचं. आणि सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 12 वरून 5 टक्क्यावर आलाय, तर जुन्या दराचं कोटेशन कुणी फिरवत असेल तर तेही बघायचं.

माझं स्वतःचं एक सांगायचं राहिलं होतं ते मी तेव्हा सांगितलं. मी ज्याच्याकडून काम केलं त्याला सगळे पैसे जानेवारीतच देऊन टाकले, माणूस गोड बोलणारा, मटेरियल मागवायचंय म्हणाला, मी दिले. दहा दिवसात पॅनल बसले, फोटो काढले, पेढे वाटले. आणि नेट मीटर लागायला एप्रिल उजाडला. अडीच महिने वर ऊन पडत होतं, पॅनल चमकत होतं आणि खाली मीटर जुनंच फिरत होतं, बिल पूर्ण येत होतं. फोन केला की उद्या बघतो. त्याला घाई कशाला असेल, पैसे तर त्याच्या घरी पोचले होते. माझा सबसिडीचा पैसा पण तितकाच लांबला. मी दुसऱ्यांच्या पट्टीत एका रुपयाची चूक सोडत नाही आणि माझ्याच पैशाला मी असं केलं, ते मला अजून लागतं. म्हणून शिरीषला हात धरून सांगितलं, थोडे पैसे ठरवताना, मोठा हिस्सा मटेरियल दारात उतरल्यावर, पॅनलचे नंबर मोजून, आणि वीसेक टक्के तरी नेट मीटर फिरायला लागल्यावर. तयार नसेल तर दुसरा बघ, योजनेच्या यादीत पुष्कळ आहेत.

आणि अजून एक, जे मला आईनं विचारलं होतं. एप्रिलात सुरू झालं त्याच आठवड्यात भर दुपारी लाईट गेली आणि पंखा थांबला. आई म्हणाली, अरे वर एवढं ऊन आणि खाली पंखा बंद, मग एवढे पैसे कशाला घातलेस? मला तिला समजावायला अर्धा तास लागला. बॅटरी नसलेलं सोलर, लाईट गेली की, स्वतःच बंद पडतं आणि ते मुद्दामच तसं असतं, नाहीतर आपली वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेला लाईनमन मरेल. बंड्या नुसता मान हलवत होता, त्याच्या बरोबरचा एक जण अशाच उलट्या करंटनं गेलाय, जनरेटरच्या. ज्याला लाईट गेल्यावर पण पाहिजे त्यानं बॅटरीवालं घ्यावं पण खर्च बराच वाढतो, आणि तुझ्याकडं जुना इन्व्हर्टर-बॅटरी आहेच तर तोच राहू दे, असं शिरीषला म्हटलं.

प्रमोदचं थोडक्यात, तो विश्रामबागेत फ्लॅटमध्ये राहतो, गच्ची सगळ्यांची. सोसायटीला लिफ्ट, पाण्याची मोटर आणि जिन्यातले दिवे यासाठी लावता येतं, किलोवॅटला 18 हजार सबसिडी आहे. पण त्यांच्या मीटिंगमध्ये वाळवण कुठं घालायचं यावर दोन वर्षं अडलंय. उंच स्ट्रक्चर करा, खाली वाळवण घाला, म्हटलं.

सव्वाआठ झाले असतील. वहिनी भडंगाचा कागद पुढं ठेवत म्हणाल्या, "भावजी, साठ हजार, अठ्ठ्याहत्तर हजार, सगळं मोठ्या बिलवाल्यांचं चाललंय. आमचं बिल सातशे रुपये. आमच्यासारख्याला काय न्हाईच का?"

मागच्या वर्षी त्यांनी हेच विचारलं होतं आणि मी न बघता सांगितलं होतं, वहिनी तुम्हाला परवडत नाही, बिल कमी असलं की पैसे वसूल होत नाहीत. चहा पीत पीत सांगितलं होतं, एक आकडा न मांडता. झोप लागली नाही ती यामुळं.

कारण आता शंभर युनिटच्या आत वापरणाऱ्यांसाठी राज्याची स्मार्ट म्हणून वेगळी योजना आहे. 1 किलोवॅटचा खर्च 50 हजार धरलाय, केंद्राचे 30 हजार, वर राज्याचे. दारिद्र्यरेषेखालच्या घराला राज्य साडेसतरा हजार देतं म्हणजे त्यांना अडीच हजारच भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या घराला 15 हजार म्हणजे पाच हजार भरायचे, आणि बाकीच्यांना 10 हजार, म्हणजे दहा हजार भरायचे. वहिनींचं कार्ड केशरी, दहा हजार. त्यांचा वापर 84, 91, 88 असा, 97 च्या वर गेलेलाच नाही. महिन्याला सहाशे वाचले तरी दीड वर्षाच्या आत पैसे परत. शिरीषला अडीच वर्षं लागतात, मला साडेतीन लागणार आहेत, आणि ज्या बाईला मी नाही म्हणून सांगितलं तिला दीड.

अण्णांनी विचारलं दहा हजार आणणार कुठनं? वहिनी म्हणाल्या बचत गटातनं मिळतील, मागं गाड्याला घेतलं होतं ते फिटलंय. आणि अण्णा, जे दोन तास कर्ज नको कर्ज नको करत होते, ते म्हणाले, "गटातनं नको, मी देतो, महिन्याचं सहाशे वाचलं की तेच मला दे, व्याज न्हाई." वहिनींनी हो पण म्हटलं नाही आणि नाही पण, कप गोळा करायला लागल्या. त्यांचा बाणा मला माहीत आहे, गटातूनच घेतील.

बंड्याचं म्हणणं, पत्र्यावर बसतं, दोनच पॅनल, शंभर चौरस फूट लागतात, पण खालचे अँगल जुने आहेत ते तपासायला पाहिजेत, आणि मागं जांभळाचं झाड आहे त्याची सावली कधी येते ते बघायला पाहिजे, एका पॅनलवर सावली पडली तरी दुसऱ्याची पण वीज उतरते. प्रमोद सातारा जिल्ह्यातल्या मान्याचीवाडीचं सांगत होता, पाटण तालुक्यातली, 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं, सगळ्या गावानं मिळून केलं. गावानं मिळून केलं म्हणजे तिथं कुणीतरी प्रत्येकाचं बिल हातात घेऊन बघितलं असणार, मोठं-लहान न करता. मी तेच केलं नव्हतं.

वहिनींनी गल्ल्याखालून बिल काढून दिलं, चहाचे डाग पडलेलं, चार घड्या घातलेलं. वर नाव सासऱ्यांचं. ते जाऊन नऊ वर्षं झाली. म्हणजे आधी मीटरवरचं नाव बदलायला लागणार, त्याला मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती, बाकी वारसांची संमती. दीर पुण्याला असतो, त्याची सही लागेल, आणि गेल्या दिवाळीपासून दोघांचं बोलणं नाही. योजना 2026-27 पर्यंत आहे आणि स्मार्टमध्ये जो आधी येईल त्याचं आधी, त्यामुळं बसून राहून चालणार नाही.

रविवारी सकाळी बंड्या शिडी आणि टेप घेऊन वहिनींच्या घरी जातोय, मी पण जातोय, दिवसभर थांबून झाडाची सावली तास-तासाला खडूनं पत्र्यावर आखायची ठरलंय. दिराला फोन अण्णा करणार आहेत, त्यांचं तो ऐकतो.